उद्यानातील अशोक आणि अशोकारिष्टातील अशोक

चाकण औद्योगिक पट्ट्यातील महाळुंगे या गावाच्या नावात मातुलुंगाचे मराठी नाव ऐकू येते. प्रत्यक्षात कारखान्यांच्या या परिसरात म्हाळुंगाचे झाड आमच्या तरी पाहण्यात नाही. निरनिराळे वृक्ष एकत्र पाहावयाचे तर इंद्रायणी ओलांडून पिंपरी-चिंचवडच्या उद्यानांकडे वळावे लागते. गेल्या फाल्गुनात निगडीच्या दुर्गादेवी टेकडी उद्यानात सहकुटुंब जाण्याचा योग आला. वाटेत रस्त्याच्या कडेला उंच, निमुळत्या वृक्षांची रांग होती. तिकडे बोट दाखवून धाकट्याने विचारले, ‘‘अशोकारिष्ट याचेच करतात ना?’’ बी.ए.एम.एस.च्या द्वितीय वर्षात शिकणाऱ्या आमच्या पुतणीने तत्काळ होकार दिला. तो होकार हेच प्रस्तुत लेखाचे निमित्त होय.

शोभेसाठी सर्वत्र लावला जाणारा हा सरळसोट वृक्ष खोटा अशोक (पॉलिअल्थिया लाँगिफोलिया, नवे नाव मोनून लाँगिफोलियम) असून तो सीताफळाच्या कुळातील आहे. भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्टाचे मुख्य द्रव्य म्हणजे सीता अशोकाची (सराका असोका) साल. हा वृक्ष शिंबी कुळातील आहे. नाम एक आणि कुळे दोन, असा हा प्रकार आहे.

निघंटूतील पर्याय हाती घेऊन झाडाखाली उभे राहिल्यास पर्यायांचा खरा उपयोग कळतो. अशोकास ताम्रपल्लव, हेमपुष्प व पिण्डपुष्प म्हटले आहे. यांपैकी ‘ताम्रपल्लव’ एवढ्यावरच विसंबल्यास फसगत होते, कारण खोट्या अशोकाची कोवळी पालवीही तांबूसच असते. आमची पुतणी नेमकी येथेच चुकली. ‘पिण्डपुष्प’ मात्र निर्णायक ठरते. सीता अशोकाचे नारिंगी, पुढे लालसर होणारे फुलांचे घोस जून फांद्यांवरही दाटीने येतात. खोट्या अशोकाची फुले फिकट हिरवी, चांदणीसारखी असून पानांत सहज लपतात. फुलांचा हंगाम नसल्यास पान पाहावे. सीता अशोकाचे पान संयुक्त असून त्यास पर्णिकांच्या साधारणतः तीन ते सहा जोड्या असतात व टोकाला एकटी पर्णिका नसते. खोट्या अशोकाचे पान साधे, लांबट व नागमोडी कडांचे असते. फळही भिन्न आहे : एकाची चपटी शेंग, तर दुसऱ्याची लंबगोल फळांची झुपके.

औषधालयात येणाऱ्या पोत्यात ना पान असते ना फूल. असते ती केवळ वाळलेली साल. खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ सर्वज्ञात आहे आणि तिचे कारणही उघड आहे. सीता अशोक मूळचा सदाहरित वनांतील व ओढ्याकाठचा असून त्याची संख्या घटली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झालेली आहे. खोटा अशोक मात्र गल्लोगल्ली उभा आहे. खऱ्या सालीचा आतील पृष्ठभाग लालसर तपकिरी असतो, तोडल्यास ती तंतुमय तुटते, बुचाच्या थराखाली पातळ, पांढुरका व सलग थर दिसतो आणि चव कषाय असते. तथापि केवळ कषाय चवीवर निर्णय करू नये. कषाय साली अनेक आहेत. औषधालयांनी प्रमाणित नमुना जवळ ठेवावा, सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी व टी.एल.सी. करून घ्यावी आणि पुरवठादाराकडे सालीबरोबर त्याच झाडाची पाने असलेली डहाळी मागावी. शेवटची मागणी अनेकांना रुचत नाही, असा आमचा अनुभव आहे. असृग्दराची रुग्णा महिनोन् महिने अरिष्ट घेते आणि गुण येत नाही, तेव्हा आपण मात्रा, अनुपान व पथ्य तपासतो. पोते क्वचितच तपासतो.

खरा अशोक सापडला म्हणून उद्यानातील झाडाची साल काढू नये, हेही सांगणे प्राप्त आहे. नागरी क्षेत्रातील झाडांना १९७५ च्या महाराष्ट्र अधिनियमाचे संरक्षण आहे, आणि खोडाची साल सभोवार सोलल्यास झाड मरते. गळालेले पान पुरेसे आहे.

पुढील रविवारी पुण्यातील एका जुन्या उद्यानात मुलांना बहरलेला सीता अशोक दाखविला. पुतणीने खाली पडलेले एक संयुक्त पान उचलले आणि घरी येऊन निगडीच्या वाटेवरील पानाशेजारी वहीत चिकटविले. ती वही सध्या आमच्या चिकित्सालयाच्या मेजावर असते. मालाची विचारपूस करण्यास आलेल्या प्रतिनिधीस आम्ही प्रथम तीच उघडून दाखवितो.