झोपेत तोंडावरची गोधडी कोण सारतो?

पौषातली थंडी पडली की सावनेरकडच्या संत्र्याच्या बागांवर पहाटे धुके बसते, आणि घरात माणसे गोधडी डोक्यावरून ओढून निजतात. ओलितासाठी मुलाला उठवायला जावे, तर गोधडी त्याच्या तोंडावरून खाली सरकलेली दिसते. विचारा त्याला, त्याला काही ठाऊक नसते. मग गाढ झोपेत ती सारली कोणी?

वाचकहो, बसल्या जागी एक प्रयोग करा. श्वास रोखा आणि मनात आकडे मोजा. थोड्याच वेळात छाती बंड करते. आपल्याला वाटते, आतला प्राणवायू संपला. पण तो अजून बराच शिल्लक असतो. छातीला धक्का देतो तो साठत चाललेला कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. इंग्लंडमध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली या दोघांनी 1905 साली हे दाखवून दिले. हवेत हा वायू शेकडा 0.04 च्या आसपास असतो आणि आपल्या उच्छ्वासात शेकडा 4. म्हणजे गोधडीखाली आपण आपलीच टाकलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत असतो.

जत्रेतल्या सोडावॉटरला जी किंचित आंबट चव असते, ती याच वायूची. पाण्यात विरघळला की त्याचे आम्ल होते. रक्तातही तसेच घडते. डोके आणि मान जुळतात तिथे मेंदूचा देठ आहे. त्यात अशा काही पेशी आहेत की रक्ताला जरा आंबटपणा आला की त्यांना तो कळतो, आणि त्या श्वास वाढवायचा हुकूम सोडतात.

पण राखणदार मचाणावर आहे एवढ्याने भागत नाही, तो जागा हवा. इथे सिरोटोनिन नावाचे द्रव्य कामी येते. देठाच्या मधल्या रेषेवरच्या काही पेशी ते तयार करतात आणि राखणदार पेशींपर्यंत पोचवतात. त्याने त्या अधिक तल्लख होतात. शिवाय सिरोटोनिनवाल्या पेशींपैकी काहींना स्वतःलाही आम्ल कळते. यातला मुख्य राखणदार कोण, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. (शरीरातले सुमारे शेकडा 90 सिरोटोनिन आतड्यात असते, पण ते मेंदूत शिरत नाही. मेंदू आपले आपण बनवतो. केळी खाऊन ते वाढेल, या भरवशावर राहू नका.)

अमेरिकेत ज्यांच्या मेंदूत या पेशीच नाहीत असे उंदीर तयार केले गेले. कर्बवायू वाढवला तर त्यांचा श्वास इतर उंदरांच्या निम्म्यानेच वाढला. 2010 साली आणखी एक गोष्ट दिसली. झोपेत कर्बवायू वाढला तरी हे उंदीर जागे होत नव्हते, आणि आवाज केला की मात्र उठत होते. गोधडी सारणारा हात कुठून येतो, ते इथे कळते.

ही गोष्ट उंदरांपुरती नाही. धडधाकट तान्हे बाळ रात्री निजते आणि सकाळी उठतच नाही, असे कधी कधी घडते. आई-बापाला आणि सासरच्यांना काही उमगत नाही, आणि बोल बहुधा आईला लागतो. बोस्टनच्या डॉ. हॅना किनी यांच्या गटाने अशा बाळांचे मेंदू तपासले. 2006 साली त्यांनी दाखवले की अनेकांच्या मेंदूच्या देठातली सिरोटोनिनची व्यवस्थाच बिघडलेली होती. असे बाळ पालथे, मऊ गादीत तोंड खुपसून निजले, तर राखणदार हाक देत नाही. कोणत्या बाळात हा दोष आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रत्येक बाळाला उताणेच निजवावे, अंथरूण घट्ट असावे, उशी नको, तोंडावर दुपटे नको आणि घरात विडीचा धूर नको. अमेरिकेत 1994 पासून उताणे निजवण्याचा प्रचार झाला आणि असे मृत्यू पुढच्या दहाएक वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. थंडीसाठी टोपडे आणि अंगभर कपडे घालावेत, गोधडी आईने घ्यावी.

आता शेगडीचे. आपल्या भागात कोळशाच्या खाणी, त्यामुळे कोळसा ओळखीचा. दार-खिडकी लावून शेगडी पेटती ठेवली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा दुसराच वायू निघतो. त्याला वास नाही, आणि मेंदूतला हा राखणदार त्याला ओळखत नाही. तो रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. छाती धडपडत नाही, डोके दुखते, झोप येते, बस्स. निजण्याआधी शेगडी अंगणात नेऊन ठेवा.

बंद पडलेल्या विहिरीत उलटा प्रकार. तिथे तळाशी जड कर्बवायू साचलेला असू शकतो. राखणदार ओरडतो, श्वास धापा टाकू लागतो, पण वायू शेकडा 10 वर गेला तर काही मिनिटांतच शुद्ध हरपते. पंप दुरुस्तीला उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असावा आणि वर दोघे-तिघे उभे असावेत. खालचा बोलेनासा झाला तर दोर ओढायचा. त्याच्यामागे कोणी उतरायचे नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.