जाळ नको, निखारा हवा



दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे. तिथे सुटीच्या दिवशी अंगणात लाकडे पेटवून लोखंडी जाळीवर मांस भाजतात. त्याला 'असादो' म्हणतात. मांस बहुधा गाई-गोऱ्ह्यांचे असते. पोळ्याला बैल पुजणाऱ्या आपल्या घरांना ते रुचणार नाही, तो भाग सोडून द्या. पाहण्यासारखा आहे तो त्यांचा विस्तव. लाकूड एका बाजूला जळू देतात आणि निखारे तेवढे ओढून जाळीखाली पसरतात. मसाला म्हणाल तर जाडे मीठ. निखाऱ्यासाठी तिकडे 'केब्राचो' लाकडाला मान; नावाचा अर्थच कुऱ्हाड मोडणारे. आपली बाभूळ त्याच तोडीची समजा.

आता आपले रोडगे आठवा. जाडसर कणकेत तेलाचे मोहन, मीठ, ओवा घालून घट्ट मळायचे. गोवऱ्यांचा धूर सरून लाल निखारे झाले की रोडगे ठेवायचे, पालटत राहायचे आणि शेवटी गरम फुफाट्यात पुरायचे. आतपर्यंत शिजतात ते तिथेच. घाई होते ती पुरुषमंडळींना! मीही एकदा धूर सरायच्या आत रोडगे टाकले होते. वरून कोळसा, आत कच्ची कणीक.

भरताच्या वांग्याला मात्र पऱ्हाटी चांगली. भडकन पेटते, लवकर विझते. तेवढी आच वांग्याला पुरते. कोंबडी भाजायची तर बाभळीचेच निखारे घ्या आणि हाडाजवळचे मांस शिजले की नाही ते पाहूनच वाढा. भाजायला कण्हेरीची काडी कधीही घेऊ नका, ती विषारी आहे.

पऱ्हाटीचा विषय निघालाच, तर माझ्या कामाचे बोलून घेतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय केले, ते तुम्ही विसरला नसाल. ही अळी किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. जळणासाठी बोंडांसकट रचलेली पऱ्हाटी पावसाळ्यापर्यंत पडून राहिली, की पुढच्या हंगामाचे पतंग तुमच्याच बांधावरून उठतात. घरात जळण लागते, हे मला कळते. गावोगावच्या बायामाणसांकडून हेच ऐकतो. म्हणून फरदडीचा मोह सोडा, डिसेंबरअखेर शेत मोकळे करा. लागेल तेवढीच पऱ्हाटी ठेवा, तिची बोंडे तोडून जाळा आणि जळण उन्हाळ्यातच संपवा. उरलेली यंत्राने बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात घाला.

आणि शेतात रोडगे झाले, की उठण्यापूर्वी फुफाट्यावर दोन बादल्या पाणी टाका. चैत्रातल्या वाऱ्याला कडब्याच्या गंजीपर्यंत ठिणगी न्यायला वेळ लागत नाही.