सेवा चालू आहे, पण किती बोलतेय?
पवनी तालुक्यातल्या कोंढ्यात एखाद्या दुकानातल्या लिनक्स संगणकाची डिस्क अचानक भरली, तर आधी लॉग तपासावेत. लॉग म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, अर्थात सेवांच्या, नोंदी. त्यांना ० ते ७ अशा पातळ्या असतात. ० म्हणजे यंत्रणा कोलमडली. ७ म्हणजे डीबग, बारीकसारीक सगळंच. ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेलसाठी लिहिलेल्या सिसलॉगमधून रुळली. दोष शोधायला डीबग लावतात, मग बंद करायचं राहून जातं आणि नोंदींनी डिस्क भरत जाते. सेवेची स्थिती सांगणारं ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह’ दाखवतं, प्रोसेस क्रमांक दाखवतं, शेवटच्या काही नोंदीही दाखवतं. डीबगची पातळी मात्र बहुतेकदा वेगळी शोधावी लागते. ती तिथेच दिसायला हवी, कारण डीबगच्या नोंदींत कधीकधी ग्राहकांची खासगी माहितीही उतरते.