विश्लेषण : माजिवड्याच्या नाक्यावर आइनस्टाइन कशाला हवा?

माजिवडा नाक्यावर पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकमेकांना भेटतात. उड्डाणपुलाचा फाटा चुकला की मोठा वळसा ठरलेला. म्हणूनच नवखा चालकच नव्हे, रोजचा रिक्षाचालकही मोबाइलच्या नकाशावरील निळ्या ठिपक्यावर भरवसा ठेवतो. हा ठिपका योग्य जागी दिसावा यासाठी उपग्रहांवरील घड्याळे मुद्दाम थोडी मंद लावावी लागतात. त्यामागे आहे गुरुत्वाकर्षणामुळे वेळेत पडणारा फरक.

फोनला जागा कशी कळते?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह ‘आता इतके वाजले’ असा संदेश सतत पाठवत असतो. तो फोनपर्यंत पोहोचायला सेकंदाचा साधारण सातशे ते नऊशे दहा-हजारांशावा भाग लागतो. या विलंबाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. किमान चार उपग्रहांची अंतरे जुळवून फोन आपली जागा काढतो. म्हणजे इथे फूटपट्टीचे काम घड्याळ करते. प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो. घड्याळ एवढेसे चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकते.

त्वरणाचा आणि गुरुत्वाकर्षणाचा संबंध काय?

टॉवरची लिफ्ट वर निघते तेव्हा क्षणभर वजन वाढल्यासारखे वाटते. लिफ्टला खिडकी नसेल, तर हा जादा भार लिफ्टच्या त्वरणामुळे आला की खालच्या पृथ्वीची ओढ वाढल्यामुळे, हे आतल्या माणसाला कोणत्याही प्रयोगाने ठरवता येणार नाही. बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करत असताना १९०७ मध्ये अल्बर्ट आइनस्टाइन यांना हा धागा सापडला. मर्यादित जागेत त्वरण आणि गुरुत्वाकर्षण यांचे परिणाम सारखेच असतात. तेव्हा एकात जे घडते, ते दुसऱ्यातही घडले पाहिजे.

यात प्रकाश आणि वेळ कुठून आली?

वेग वाढवत वर जाणाऱ्या लिफ्टच्या तळाशी दिवा आहे असे समजू. प्रकाश छतापर्यंत पोहोचेपर्यंत छताचा वेग थोडा वाढलेला असतो. पुढे पळणाऱ्या छताला प्रकाशाच्या लहरी जरा विरळ होऊन भेटतात. स्थानकात न थांबता निघून जाणाऱ्या गाडीचा भोंगा दूर जाताना खालच्या पट्टीत उतरतो, तसाच हा प्रकार. त्याच लिफ्टमध्ये आडवा सोडलेला किरण आतल्या माणसाला किंचित खाली वाकलेला दिसेल.

आता लिफ्ट बाजूला ठेवून जमिनीवर स्थिर उभ्या असलेल्या टॉवरकडे पाहू. इथे त्वरणाची जागा गुरुत्वाकर्षणाने घेतली आहे. तळमजल्यावरून सेकंदाला जितक्या लहरी निघाल्या, त्यापेक्षा किंचित कमी लहरी गच्चीवर एका सेकंदात पोहोचतात. वाटेत लहरी हरवत तर नाहीत. मग अर्थ एकच उरतो : खालचा सेकंद आणि वरचा सेकंद सारखे नाहीत. वरचे घड्याळ जलद चालते.

हे कधी मोजले गेले आहे का?

अनेकदा. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो, हे २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणातील निरीक्षणांतून दिसले. १९५९-६० मध्ये रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेबका यांनी हार्वर्ड विद्यापीठात अवघ्या २२.५ मीटर उंचीत गॅमा किरणांवर होणारा परिणाम मोजला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात टोकियो स्कायट्री मनोऱ्यावर ४५० मीटर उंचीवरचे घड्याळ खालच्यापेक्षा दिवसाला सुमारे चार नॅनोसेकंद पुढे जात असल्याचे आढळले. याच हिशेबाने १२० मीटर उंच टॉवरच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचे वय तळमजल्यावरच्यापेक्षा वर्षाला साधारण ०.४ मायक्रोसेकंद जास्त वाढते. वरच्या मजल्याचा दर ठरवताना ते मनावर घ्यायचे कारण नाही. पण उपग्रहांसाठी हा हिशेब सोडता येत नाही.

उपग्रहांवर परिणाम किती?

उंचीमुळे जीपीएसचे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. उपग्रहाच्या वेगामुळे ते सात मायक्रोसेकंद मागेही पडते. शिल्लक राहतात ३८. अंतराच्या भाषेत ही दिवसाला ११ किलोमीटरहून जास्त चूक झाली. जून १९७७ मध्ये अमेरिकेने एनटीएस-२ हा चाचणी उपग्रह सोडला, तेव्हा ही दुरुस्ती करणारी सोय त्यात होती; पण पहिले सुमारे २० दिवस ती बंद ठेवली गेली. घड्याळ सिद्धान्ताने सांगितले जवळजवळ तेवढेच पुढे गेले. आता जीपीएसच्या घड्याळांची मूळ वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झपेक्षा किंचित कमी ठेवूनच ती वर पाठवली जातात.

सर्व उपग्रहांची चूक अगदी सारखी असेल, तर फोन चौथ्या उपग्रहाच्या मदतीने तिचा बराचसा भाग वजा करू शकतो. पण सगळ्यांची चूक सारखी नसते. भारताच्या ‘नाविक’ यंत्रणेचे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत. तिथे हा फरक दिवसाला साधारण ४६ मायक्रोसेकंद होतो. दोन्ही यंत्रणांचे संकेत घेणाऱ्या फोनच्या हिशेबात, दुरुस्ती नसती तर, रोज सुमारे अडीच किलोमीटरची तफावत साठत गेली असती.

घड्याळच बंद पडले तर?

हा अनुभव भारताने घेतला आहे. जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए उपग्रहावरील परदेशी बनावटीची तिन्ही रुबिडियम घड्याळे निकामी झाली. उपग्रह कक्षेत शाबूत होता, पण जागा सांगण्याच्या कामाचा राहिला नाही. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह उष्णतारोधक कवच वेगळे न झाल्याने वाया गेला. एप्रिल २०१८ मध्ये आयआरएनएसएस-१आय कक्षेत पोहोचला. त्यानंतर २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये प्रथमच अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रात तयार झालेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले. योगायोगाने ही तारीख १९१९ च्या त्या ग्रहणाचीच.

मग माजिवड्याला ठिपका का चुकतो?

त्यात आइनस्टाइन यांचा दोष नाही. पुलाखाली आकाश झाकले जाते, उंच इमारतींवरून संकेत परावर्तित होऊन उशिरा पोहोचतात. शिवाय फोनला उंची तितकीशी अचूक कळत नाही, त्यामुळे गाडी पुलावर आहे की खालच्या रस्त्यावर, याचा गोंधळ होतो. ही चूक काही मीटर ते काही दशक मीटरची असते. वेळेचा हिशेब सोडला असता, तर ती किलोमीटरमध्ये मोजावी लागली असती. फाटा जवळ आला की मोबाइलइतकीच रस्त्यावरची पाटीही पाहावी, हा जुना सल्ला मात्र आजही लागू आहे.