खिल्लारची निवड कोणी केली?

आमच्या ठाण्यातील वर्तकनगरात देशी गाय भेटते ती बहुधा दुधाच्या बाटलीवरील चित्राच्या रूपाने. त्यामुळे ज्या जनावराच्या पैदाशीत दुधाला कधी फारसा मानच नव्हता, त्या माणदेशी खिल्लारची हकीकत येथील वाचकास किंचित परकी वाटेल. सातारा, सांगली आणि सोलापूर हे जिल्हे जेथे एकमेकांस भिडतात, तेथे वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच टापूत, औंध संस्थानच्या आटपाडी महालात आणि म्हसवडच्या आसपास, हा गोवंश घडला.

गाईच्या गुणसूत्रांच्या तीस जोड्या म्हणजे एक विस्तीर्ण दप्तरच. एखादा उपकारक बदल घेऊन जन्मलेली वासरे अधिक जगली आणि त्यांचीच प्रजा वाढत गेली, की त्या बदलाच्या अलीकडचा-पलीकडचा मजकूरही त्याच्यासवे वाहत येतो व गुणसूत्राचा तेवढा पट्टा साऱ्या कळपात एकसारखा होतो, हे मेनार्ड स्मिथ आणि हेग यांनी १९७४ साली गणिताने दाखविले. परंतु गावात वळू एकदोनच असले तरीही असे पट्टे पडतात. म्हणून जो पट्टा खिल्लार, थारपारकर आणि कांकरेज या कोरड्या मुलखातील गोवंशांत सारखाच आढळतो, मात्र ज्याच्या तेलकट कातडीवरून मुसळधार पाऊस निथळून जातो त्या आपल्या शेजारच्या डांगीत आढळत नाही, तोच अवर्षणाचा दाखला म्हणून विचारात घ्यावयाचा. युरोपीय गाईंवरून बेतलेल्या चाचण्यांना आपल्याकडील कित्येक भेद दिसतच नसत. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२१ साली ‘इंडिगौ’ ही देशी गोवंशांची जनुकीय चिप काढली ती याचसाठी.

अवर्षणाची अशी खूण प्राचीन काळातही सापडते. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात दीर्घ अवर्षण पडले, आणि त्या सुमारास तेथील गाईंत वशिंडाच्या गोवंशाचे रक्त एकाएकी वाढल्याचे प्राचीन हाडांवरून २०१९ साली उघड झाले. मातृवंश मात्र बहुतांशी जुनाच राहिला, म्हणजे बाहेरून आले ते मुख्यत्वे वळू.

माणदेशातही निवड झाली ती नराचीच. खरसुंडीच्या पौषी यात्रेत गिऱ्हाईक खोंडाचा जबडा उघडून दातांवरून तो आदत आहे, दुसा की चौसा, म्हणजे वय किती, हे पाहते, बुडाशी जवळ असून मागे झुकलेली शिंगे, घट्ट कातडी व काळे खूर निरखते, आणि मग रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरतो. घरी खोंडाला आईचे सारे दूध, प्रसंगी दुसऱ्या गाईचेही. कालवडीच्या वाट्यास उरलेसुरले. दुष्काळाने जे तगविले त्यातून शेतकऱ्याने चपळ तेवढे वेचले, आणि दोघांचे हस्ताक्षर एकाच पानावर उमटले. (दुधाच्या आकड्यावरून खिल्लारला नावे ठेवणारे ही गोष्ट सोयिस्करपणे विसरतात.)

आता दोन्ही निवडकर्ते बदलले आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात माण तालुक्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या, हे योग्यच झाले; पण दुष्काळाच्या हातची निवड त्याने सैल झाली. नांगर ट्रॅक्टरने घेतला. आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मुभा दिल्यापासून खिल्लारला मोल आहे ते मुख्यतः धावेचे. एखाद्या नामांकित वळूकडेच पंचक्रोशीतील गाई जाऊ लागल्या, तर काही पिढ्यांनी एकसारखे पट्टे पुन्हा दिसतील. ते अवर्षणाचे, शर्यतीचे की निव्वळ त्या एका वळूचे, हे रक्ताच्या नमुन्यासोबत वळूचे नाव आणि गाव आजच टिपून ठेवल्यावाचून ठरविता यावयाचे नाही.