रुपयातले चार आणे

एरंडवण्यातल्या एका बोळात दोन जुने बंगले शेजारी शेजारी आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर एका बंगल्यातल्या गुलमोहराचा शेंडा आणि सगळ्या फांद्या एका दुपारीत उतरवल्या गेल्या. मागे उरली ती कपडे अडकवायची खुंटाळी. त्याच आठवड्यात शेजारच्या आंब्याच्या फांद्याही टेम्पो भरून गेल्या, पण झाडाकडे पाहिलं तर करवत नेमकी कुठे लागली हे सांगता येईना. मालकीणबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तेच तर मामांचं काम. कापलंय हे कळलं तर ते चिडतात."

हे मामा कोण ते पाहायचंच होतं. पुढच्या कामाला त्यांच्याबरोबर गेले. प्रभात रोडच्या आतल्या अंगाचा जेमतेम पाच गुंठ्यांचा प्लॉट होता. मधोमध मंगलोरी कौलांचं बैठं घर, एका कडेला फणस, मागे दोन नारळ. पुढच्या अंगणातल्या आंब्याची एक फांदी कौलांवर टेकलेली आणि दुसरी शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडवर. रस्त्याच्या बाजूने तारांसाठी दर वर्षी छाटणी होत आल्यामुळे झाड सगळं घराकडे कललेलं. अशी एकाच अंगाने कापलेली झाडं पुण्यात गल्लोगल्ली दिसतात. ती वादळात पडली की दोष वाऱ्याला दिला जातो.

मला वाटलं, आल्या आल्या दोर वर जाईल. पहिला तासभर कुणी चढलंच नाही. मामा लाकडी हातोडीने बुंध्यावर टकटक करत झाडाभोवती फिरत होते. भरीव लाकडाचा आवाज आखूड येतो, आत ढोली असली की घुमतो. एका जागी ते थांबले, पुन्हा वाजवलं आणि खडूने खूण केली. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, सालीतून भुसा गळतोय का, तेही पाहिलं. भुसा म्हणजे भिरूड. ही अळी आंब्याच्या खोडात बोगदे पाडत जाते. इथे एक भोक सापडलं. तार घालून अळी ओढून काढली, पेट्रोलात भिजवलेला बोळा आत सारला आणि वरून ओल्या मातीने लिंपलं.

घरच्या काकू व्हरांड्यातून म्हणाल्या, "मामा, चांगलं हलकं करून टाका बाई झाड. पावसाळ्यात झोप लागत नाही."

"काकू, रुपयातले चार आणे. एका हंगामात त्याच्या वर पाला काढत नाही मी."

चार आणे हा आकडा मग दिवसभर ऐकत राहिले. पान हा झाडाचा स्वयंपाक. एकदम निम्मा पाला काढला, तर झाड साठवणीतलं अन्न काढून सालीखालून घाईघाईने धुमारे फोडतं. ते हिरवेगार दिसतात, माणसं म्हणतात, बघा कसं फुटलं! पण मूळ फांदी खोडाच्या आतपर्यंत रुजलेली असते आणि हे धुमारे नुसते वरच्या थराला धरून असतात. थोड्या वर्षांत ते जाडजूड होतात आणि वाऱ्यात सोलून निघतात. म्हणजे भीतीपोटी शेंडा मारलेलं झाड पुढे खरोखरच भीतीदायक होतं. पाश्चात्त्य देशांत झाडांची निगा राखणारे व्यावसायिकही एका हंगामात पाव भागाची मर्यादा सांगतात. मामांनी त्यांचं काही वाचलेलं नाही. ते कोकणात बागायतदारांच्या कलमांवर चढत मोठे झाले, त्यांचा हिशोब तिथला आहे.

वर चढला तो त्यांचा भाचा. कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट. पण माझी नजर खालच्या पोराकडेच वळत राहिली. दोर धरणारा तो. वयाने विशीतला, बोलणं जवळपास नाही. फांदी आधी दोराने बांधायची, दोर वरच्या बेचकीतून घेऊन खाली बुंध्याला दोन-तीन वेढे द्यायचे आणि कापलेली फांदी त्या वेढ्यांच्या घर्षणावर सावकाश सोडायची. वरून "सोड" आलं की हातभर, "धर" आलं की जागच्या जागी. कौलांवर टेकलेली फांदी तुकड्या-तुकड्यांनी खाली आली आणि एक कौलही हललं नाही. सगळे वर पाहत होते, मी त्या पोराच्या हातांकडे. पायात मात्र त्याच्या रबरी चप्पल होती.

कापण्यात तीन घाव असतात. पहिला खालून, थोडासाच. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. फांदी तुटून पडते, पण खालच्या घावामुळे साल खोडापर्यंत फाटत नाही. तिसऱ्या घावाने उरलेलं थोटूक काढायचं. तो कुठे घ्यायचा, यात सगळी विद्या आहे. फांदी खोडातून निघते तिथे सालीचा फुगीर गळा असतो. घाव त्याच्या बाहेर पण त्याला लागून हवा. खोडाला सपाट कापलं तर गळाच जातो, लांब थोटूक ठेवलं तर ते कुजतं.

अमेरिकन वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून नेमकं हेच पाहिलं होतं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतून भिंती घालून बंद करतं आणि नवं लाकूड बाहेरून वाढवत नेतं. 1977 मध्ये त्यांनी हे तपशिलाने मांडलं. त्यातली एक भिंत त्या गळ्यापाशी उभी राहते. म्हणून गळा जपायचा.

काकूंनी डांबराचा डबा काढून ठेवला होता. मामांनी तो परत पाठवला. डांबराखाली ओल कोंडते, असं त्यांचं म्हणणं, आणि शायगोही रंगरंगोटीच्या विरुद्धच होते. मात्र आंब्याच्या मोठ्या घावांवर मामा मोरचूद-चुन्याची पेस्ट लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. कोकणातल्या बागांमध्ये ही बोर्डो पेस्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शायगोंच्या शिष्यांना तीही पटणार नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "त्यांच्याकडे आंबा आहे का?"

दुपारपर्यंत अंगणभर चिकाचा वास भरला होता. कैरीचं देठ मोडल्यावर येतो तो, पण शंभर पट, आणि त्यात चेनसॉच्या पेट्रोलचा धूर. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे हा चीक कातडीला लागला की भाजतो. मामांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत काळे डाग आहेत. वास सुखाचा आणि डाग तसे, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

जेवणानंतर करवती बाजूला पडल्या आणि पहार निघाली. दोन मोटारींची जागा म्हणून अंगणात पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत बसवलेले. झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. वरून माती बंद केली की त्यांना पाणीही नाही आणि हवाही नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. इथे काकांनी आधी अर्ध्या मीटरवर घासाघीस केली, मग गाडीकडे पाहिलं, मग झाडाकडे. शेवटी मीटरभर निघाले. खालची माती दगडासारखी झाली होती. ती हलक्या हाताने मोकळी करून मामांनी वाळका पाला पसरला. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात मोठं काम हेच झालं, आणि त्याकडे पाहायला शेजारपाजारचं कुणी आलं नाही.

"मुळांनी पाया उचलला" ही जुन्या घरांची नेहमीची तक्रार. इथेही मोरीजवळच्या भिंतीला तडा होता. मामांनी आंब्याला निर्दोष सोडलं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यातच जुन्या मोरीचे सांधे गळतात. मुळं त्या ओलीच्या मागे येतात. खरा आरोपी त्यांनी वर दाखवला. पन्हळीपाशी भिंतीच्या फटीत वीतभर पिंपळ उगवला होता. आंब्याला घाबरणाऱ्या घराने त्याला तीन पावसाळे पाणी पाजलं होतं.

कायदा या सगळ्याच्या वर आहेच. 1975 च्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड आपल्या आवारातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष ठरली आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावणं आलं. काकूंचा आंबा घराएवढाच जुना, म्हणजे साठीच्या पुढचा. पाच गुंठ्यांत साठ झाडं कुठे लावणार? तोडायला बंदी, छाटायला मोकळीक, असं समजून मग लोक शेंडा मारायच्या वाटेने जातात. छाटणीच्या परवानगीचा कागद काकूंच्या फायलीत होता, तो मामांनी काम घेण्याआधीच मागितला होता.

आणि शेंडा मारायच्या वाटेवर भेटतो तो "पैसे नकोत, लाकूड आम्ही नेतो" म्हणणारा. त्या गुलमोहराचा सौदा असाच झाला होता. ज्याची मजुरी लाकडात आहे, त्याचा हात चार आण्यांवर थांबेल कसा? मामा लाकूड घरमालकाकडे ठेवतात आणि मजुरी रोख घेतात. ती अनेकांना जास्त वाटते. फांद्या राहिल्याच तर पैसे कशाचे, असा सरळ प्रश्न एका शेजाऱ्यांनी माझ्यासमोर केला. डॉक्टरला आपण असा प्रश्न विचारत नाही.

मामांच्या कौशल्यापुढे मी नमते, पण चपलेबद्दल नाही. भाच्याला हेल्मेट आणि दोर धरणाऱ्याला चप्पल, विमा कुणाचाच नाही, हे या कामाचं उघडं सत्य आहे. स्वस्तात करून मागणाऱ्या आपल्यासारख्यांचाही त्यात वाटा आहे.

तेव्हा या वर्षी झाडाला माणूस लावण्याआधी चार गोष्टी पाहा. परवानगीचा कागद हातात घ्या. किती कापणार हे न विचारता किती ठेवणार ते विचारा. बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी करा. आणि खाली दोर धरणाऱ्याच्या पायात बूट नसतील तर त्याचे पैसे मजुरीत धरा. लाकूड फुकट नेणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवा.