अळंबी ओळखावी बुडापासून

पावसाळ्यात जमिनीवर दिसणारी अळंबी म्हणजे बुरशीचे फळ. बुरशीचे खरे शरीर असते ते कवकजाल. मातीत, कुजक्या लाकडात किंवा पाचोळ्याखाली ते गुपचूप पसरत राहते आणि ओल व उबारा जुळून आला की चार-दोन दिवसांपुरती छत्री वर काढते. जात ओळखायची तर या अल्पायुषी छत्रीवरच भिस्त ठेवावी लागते. त्यातही सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो टोपीचा रंग, आणि फसवतोही तोच. ऊन, पाऊस आणि वय यांप्रमाणे तो पालटत जातो. म्हणून जाणकार माणूस टोपीच्या आधी जागा पाहतो.

जागेवरून ओळख पटते याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण म्हणजे वारुळावरची अळंबी. गोव्यात ती रोण अळमी म्हणून विकली जाते. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात सात्या, टेकोडे अशी नावे ऐकू येतात. शास्त्रात तिचा वंश टर्मिटोमायसेस. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२मध्ये तो स्थापन केला. ही बुरशी वाळवीच्या आधाराने जगते. कामकरी वाळवी चावलेला पालापाचोळा आणि लाकूड विष्ठेच्या रूपाने वारुळात रचते, त्याचा सच्छिद्र पोळ्यासारखा गोळा होतो आणि त्यावर बुरशी वाढते. वाळवीला न पचणारे लाकडातले कठीण घटक बुरशी फोडते. त्या बदल्यात तिला वारुळातली ओल, ऊब आणि राखण मिळते. ही भागीदारी आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, असे अभ्यासक मानतात. माणसाला मात्र या बुरशीची शेती अजून व्यापारी प्रमाणावर साधलेली नाही, त्यामुळे बाजारात येते ती जंगलातून वेचलेलीच.

या अळंबीच्या बहुतेक जातींच्या टोपीला मध्यभागी टोकदार उंचवटा असतो. माती फोडून वर येण्यासाठी तो कामाला येतो. देठ जमिनीखाली निमुळता होत मुळासारखा खाली उतरतो आणि थेट वारुळातल्या गोळ्याला भिडतो. जाणकाराची खात्री पटते ती या लांब शेपटाने. मात्र याच वंशातली एक चिमुकली जात नियम मोडते. वाळवीने वारुळाबाहेर आणून टाकलेल्या गोळ्याच्या तुकड्यांवर ती शेकड्यांनी उगवते आणि तिला ते शेपूट नसते. उलट, वारुळाशेजारी उगवलेली प्रत्येक छत्री वारुळाचीच असेल असेही नाही. ओळख पटवण्यासाठी एखादी अळंबी बुडापर्यंत उकरणे रास्त. सगळे वारूळ खणणे म्हणजे पुढच्या वर्षीचे पीक आजच उपटणे.

बूड पाहण्याचे दुसरे आणि अधिक गंभीर कारण म्हणजे अमानिटा हा वंश. जगात अळंबीच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक याच वंशातल्या काही जातींमुळे होतात. मृत्युछत्र, म्हणजे अमानिटा फॅलॉइड्स, ही त्यांतली सर्वांत कुप्रसिद्ध. कोवळेपणी ती पांढऱ्या आवरणात अंड्यासारखी बंद असते. वाढताना आवरण फाटते आणि त्याचा खालचा भाग देठाच्या बुडाशी पिशवीसारखा उरतो. देठावर बहुधा पातळ पडद्याचे कडे असते, टोपीखालच्या पात्या पांढऱ्या असतात. अळंबी वरच्यावर खुडली तर ती पिशवी मातीतच राहते आणि धोक्याची सर्वांत मोठी खूण हातची जाते. गोल, न उमललेली अळंबी उभी चिरून पाहावी ती याचसाठी. आत टोपी, पात्या आणि देठ यांची रेखाकृती दिसली, तर ते भुईफोड (छत्री न होणारी गोल अळंबी) नव्हे. ती अमानिटाची कळी असू शकते.

पण पिशवी दिसली की विषारी, असाही सरसकट नियम नाही. भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या खाद्य अळंबीच्या बुडाशीही अशीच पिशवी असते. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या काही लोकांनी मायदेशातली ही ओळखीची अळंबी समजून तिथली मृत्युछत्रे खाल्ली. मायदेशातले त्यांचे ज्ञान पक्केच होते, पण ते तिथल्या मातीपुरते होते. परंपरेने अळंबी वेचणाऱ्यांच्या ज्ञानाचे बळ आणि मर्यादा, दोन्ही इथे दिसतात.

अशा वेळी बीजाणूंचा ठसा उपयोगी पडतो. टोपी देठापासून वेगळी करून पात्या खाली येतील अशी कागदावर ठेवायची आणि वर वाटी झाकायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घेतला तर फिका ठसाही दिसतो. रात्रभरात बीजाणू झडून रंग उमटतो. अमानिटाचा ठसा पांढरा, वारुळावरच्या आणि पेंढ्यावरच्या अळंबीचा गुलाबीसर, तर बाजारात मिळणाऱ्या बटण मशरूमच्या वंशाचा गडद तपकिरी. बागेतल्या हिरवळीवर पावसानंतर कधी कधी वर्तुळात उगवणारी, टोपीवर तपकिरी खवले असलेली मोठी पांढरी छत्री दिसायला चविष्ट वाटते; पण तिचा ठसा हिरवट पडतो आणि ती खाल्ल्यास उलट्या-जुलाबांनी माणूस बेजार होतो. तिच्या कोवळ्या पात्या पांढऱ्या असतात, त्यामुळे केवळ पाहून ही हिरवी खूण कळत नाही. ठसा वंशापर्यंत पोचवतो, जातीपर्यंत नाही. जागा, बूड, पात्या, वास आणि चिरल्यावर पालटणारा रंग यांच्या जोडीनेच तो वाचावा लागतो.

स्वयंपाकघरातल्या कसोट्या मात्र सगळ्या टाकाऊ आहेत. किड्यांनी खाल्लेली अळंबी माणसालाही चालते, चांदीचे नाणे काळे पडले तर ती विषारी, लसूण किंवा हळद घालून शिजवली की विष उतरते, या समजुतींना काहीही आधार नाही. गोगलगाय जे पचवते ते माणसाला मारू शकते. मृत्युछत्रातले अमॅटॉक्सिन उकळून, तळून वा वाळवून नष्ट होत नाही. मोबाइलवर छायाचित्रावरून नाव सांगणारी अॅप या कसोट्यांची नवी भावंडेच म्हणायची. बूड आणि ठसा न पाहता ती नाव ठोकून देतात.

अमॅटॉक्सिनची चाल कपटी आहे. खाल्ल्यावर सहा तास, कधी त्याहून बराच अधिक वेळ, काहीच होत नाही. मग पोटदुखी, उलट्या, जुलाब सुरू होतात. पुढे दिवसभर बरे वाटल्यासारखे होते आणि नेमके तेव्हाच यकृत निकामी होत असते. एप्रिल २०२२मध्ये आसामात विषारी अळंबी खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बरेचसे चहामळ्यांच्या वस्तीतले होते.

जंगलातली अळंबी खायचीच असेल, तर त्याच भागातल्या अनुभवी वेचणाऱ्याने जागा आणि बूड पाहून ओळखलेलीच खावी, आणि शंका आली तर सगळी टाकून द्यावी. खाल्ल्यावर त्रास झाला तर थांबून वाट पाहू नये. एकाच ताटातली अळंबी खाल्लेल्या सगळ्यांनी, बरे वाटत असले तरी, रुग्णालय गाठावे आणि उरलेली अळंबी कच्ची, शिजवलेली, जशी असेल तशी सोबत न्यावी.